गरोदरपण आणि विषारी पदार्थ: कोणती भीती खरी, कोणती फुकाची?

रानजाई (धागाकर्ती)

गरोदर बाईने काय काय टाळावं याच्या याद्या सगळीकडे फिरत असतात. केसांचा रंग, मायक्रोवेव्ह, भिंतीच्या रंगाचा वास, पारा, दारू, एक्स-रे, सगळं एकाच ओळीत. अशा यादीने दोन्हीकडून नुकसान होतं. टाळूतून अगदी नगण्य शोषल्या जाणाऱ्या केसांच्या रंगाची धास्ती घेऊन बाई झोप घालवते, आणि जुन्या रंगाचे पोपडे खरवडताना उडणाऱ्या शिशाच्या धुळीत निर्धास्त उभी राहते.

माझं म्हणणं असं, की कुठल्याही संपर्काबद्दल आधी चार गोष्टी विचाराव्यात. पदार्थ नेमका कोणता? शरीरात गेला किती? गेला कुठल्या वाटेने: श्वासातून, तोंडातून की कातडीतून? आणि गर्भारपणाच्या कितव्या दिवशी? यातली एकही गोष्ट माहीत नसेल तर "चालतं" आणि "चालत नाही" ही दोन्ही उत्तरं अंदाजपंचे.

एक गैरसमज इथेच काढून टाकू. वार (प्लॅसेंटा) म्हणजे गाळणी, ती वाईट ते अडवते आणि चांगलं ते सोडते, असं अनेकांना वाटतं. वारेला चांगलं-वाईट कळत नाही. लहान आणि चरबीत विरघळणारे रेणू ती सहज पलीकडे जाऊ देते. रक्त पातळ करणारं हेपॅरिन आकाराने मोठं, म्हणून ते बाळापर्यंत पोचत नाही. त्याच कामाचं वॉरफरिन लहान, ते पोचतं आणि पहिल्या तिमाहीत बाळाच्या नाकाच्या आणि हाडांच्या वाढीवर परिणाम करतं.

ज्यांना या विषयातलं नेमकं ठाऊक आहे त्यांनी भर घाला, चुकत असेल तिथे खोडून काढा.

प्रयोगवही

चौथा प्रश्न, म्हणजे दिवस कितवा, याचं सगळ्यात ठळक उदाहरण थॅलिडोमाइड. पश्चिम जर्मनीत १९५७ साली हे औषध बाजारात आलं. झोपेसाठी आणि गरोदरपणातल्या मळमळीसाठी ते दिलं जाई. नोव्हेंबर १९६१ मध्ये मागे घेईपर्यंत जगभरात दहा हजारांहून अधिक बाळं व्यंग घेऊन जन्मली होती. धोक्याचा काळ होता गर्भधारणेनंतर साधारण २० व्या ते ३६ व्या दिवसापर्यंत. त्यातही क्रम असा, की सुरुवातीच्या दिवसांत गोळी घेतली तर कानाचे दोष, थोडं पुढे हातांचे, आणखी पुढे पायांचे. या खिडकीनंतर घेतलेल्या गोळीने हातापायांची अशी व्यंगं झाली नाहीत.

उंदरांमध्ये हा परिणाम दिसत नाही, सशांमध्ये दिसतो. त्यामुळे "प्राण्यांवर तपासलंय" एवढ्या वाक्यावर विसंबू नये. कुठल्या प्राण्यावर आणि गर्भारपणातल्या कुठल्या दिवशी, हेही विचारावं. अमेरिकेत औषध प्रशासनातल्या फ्रान्सिस केल्सी यांनी अपुऱ्या माहितीवर परवानगी द्यायचं नाकारलं, म्हणून तिथे ते औषध रीतसर विक्रीला आलंच नाही.

पिंपळपान

हे दिवस कुठून मोजायचे? डॉक्टर "सहावा आठवडा" म्हणतात तो आणि तुमचा २० वा दिवस यांचा मेळ बसत नाही.

प्रयोगवही

@पिंपळपान, घोटाळा नेमका इथेच होतो. डॉक्टर शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात, भ्रूणशास्त्राची पुस्तकं गर्भधारणेपासून. दोन्हींत साधारण दोन आठवड्यांचा फरक. थॅलिडोमाइडचे २० ते ३६ दिवस डॉक्टरांच्या हिशेबात ३४ ते ५० होतात.

याचा व्यवहारातला अर्थ बघा. मेंदू आणि मज्जारज्जू ज्यातून घडतात ती नलिका गर्भधारणेनंतर साधारण २८ व्या दिवशी पूर्ण बंद होते. २८ दिवसांची पाळी धरली तर पाळी चुकून तेव्हा जेमतेम दोन आठवडे झालेले असतात. पुष्कळ जणींना तोवर दिवस गेल्याचा पत्ताही नसतो. म्हणून फॉलिक अ‍ॅसिडची रोजची ४०० मायक्रोग्रॅमची गोळी दिवस राहायच्या किमान महिनाभर आधी सुरू करायची असते. तिसऱ्या महिन्यात सुरू केली तर इतर उपयोग होतील, ही नलिका मात्र केव्हाच बंद झालेली असते.

कोरा_कागद

गर्भधारणेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत "सगळं किंवा काहीच नाही" असा नियम आहे ना? म्हणजे इजा मोठी असेल तर गर्भ टिकतच नाही, टिकला तर पेशी भरून निघतात आणि व्यंग राहत नाही. मग त्या काळातल्या संपर्काची काळजी सोडून द्यायला हरकत नसावी.

अक्षांश

@कोरा_कागद, नियम बरोबर, निष्कर्ष अर्धाच. तो लागू पडतो अंगातून लवकर निघून जाणाऱ्या पदार्थांना. रानजाईंच्या चार प्रश्नांना मी पाचवा जोडेन: पदार्थ शरीरात मुक्काम किती करतो?

सोरायसिसवरचं अ‍ॅसिट्रेटिन घ्या. ते बंद केल्यावर तीन वर्षं गर्भधारणा टाळायला सांगतात, कारण सोबत दारू घेतली तर त्याचं शरीरात दुसऱ्या एका रसायनात रूपांतर होतं आणि ते चरबीत ठाण मांडून बसतं. मुरुमांवरच्या आयसोट्रेटिनॉइनला मात्र एक महिना पुरतो. दोन्ही अ जीवनसत्त्वाच्या घराण्यातली, मुक्काम पूर्ण वेगळा. संधिवाताचं लेफ्लुनोमाइड रक्तात दोन वर्षांपर्यंत सापडू शकतं. दिवस राहू द्यायचे असतील तर ते धुऊन काढावं लागतं. त्यासाठी कोलेस्टिरामिन या औषधाची ८ ग्रॅमची मात्रा दिवसातून तीनदा, अकरा दिवस, आणि मग रक्ततपासणी. मिथाइल पारा रक्तात निम्मा व्हायला साधारण ५० दिवस लागतात. शिसं तर हाडांत दशकानुदशकं राहतं.

म्हणजे गर्भधारणेच्या आधी घेतलेला पदार्थसुद्धा थेट अवयव घडण्याच्या आठवड्यांत हजर असू शकतो.

रानजाई

@अक्षांश, पाचवा प्रश्न मान्य. तो आधीच यायला हवा होता.

दीपमाळ

"कुठल्या वाटेने" या प्रश्नावर पाऱ्याइतकं चांगलं उदाहरण नाही.

थर्मामीटरमधला चकचकीत पारा गिळला गेला तर आतड्यातून जवळजवळ शोषला जात नाही. त्याच पाऱ्याची वाफ श्वासातून गेली तर साधारण ८० टक्के शरीरात राहते. म्हणून थर्मामीटर फुटला की गरोदर बाईने खोलीबाहेर जायचं, खिडक्या उघडायच्या, दुसऱ्या कुणीतरी हातमोजे घालून जाड कागदाने थेंब एकत्र लोटायचे, बारीक कण चिकटपट्टीने टिपायचे, आणि सगळं झाकणाच्या बरणीत बंद करायचं. झाडू मारला तर थेंबांचे आणखी बारीक थेंब होतात, आणि व्हॅक्यूम क्लीनर गरम हवेबरोबर वाफ घरभर फेकतो.

माशांमधला मिथाइल पारा याच्या उलट. तो आतड्यातून जवळपास पूर्ण शोषला जातो. रक्तात सिस्टीन या अमिनो आम्लाला चिकटून तो मिथिओनीन या दुसऱ्या अमिनो आम्लासारखा दिसू लागतो, आणि बाळासाठी अमिनो आम्लं नेणारी वारेतली यंत्रणा त्याला आपणहून उचलून पलीकडे पोचवते. त्यामुळे नाळेच्या रक्तातलं त्याचं प्रमाण आईच्या रक्ताच्या सरासरी पावणेदोन पट भरतं.

जपानमधल्या मिनामाता इथे हे जगाला कळलं. चिस्सो कंपनीचा कारखाना अ‍ॅसिटाल्डिहाइड बनवताना तयार होणारा मिथाइल पारा सांडपाण्यातून खाडीत सोडत होता. आजाराची अधिकृत नोंद १९५६ ची, आणि ते उत्पादन थांबलं १९६८ ला. मेंदूला गंभीर इजा झालेली बाळं जन्मत होती आणि त्यांच्यातल्या कित्येकांच्या आयांना फारशी लक्षणं नव्हती. वार विष अडवते असाच तेव्हाचा समज असल्यामुळे या मुलांचा आजार जन्मापासूनचा, पाऱ्याचाच आहे हे मान्य व्हायला वर्षं गेली. तिथे बाळाच्या नाळेचा तुकडा वाळवून जपून ठेवायची रीत आहे. पुढे त्याच तुकड्यांत मिथाइल पारा मोजता आला आणि पुरावा हाती आला.

याचा अर्थ मासे बंद असा घेऊ नका. मेंदूच्या वाढीला लागणारी मेदाम्लं त्यांतून मिळतात. शार्क, तलवारमासा असे मोठे, दीर्घायुषी, दुसऱ्या माशांवर जगणारे मासे टाळायचे. छोटे मासे आठवड्याला २२५ ते ३४० ग्रॅमपर्यंत खायला हरकत नाही.

भट्टीवाला

कामाच्या जागेबद्दल कुणीच बोललं नाही, म्हणून लिहितो. डब्यावर "थिनर" किंवा "क्लीनर" एवढंच लिहिलेलं असेल तर पहिल्या प्रश्नाचं उत्तरच मिळत नाही. मालकाकडे किंवा विक्रेत्याकडे त्या मालाची सेफ्टी डेटा शीट, म्हणजे घटक आणि धोके सांगणारं माहितीपत्रक, मागा. ती सोळा भागांची असते. सगळी वाचत बसू नका.

भाग २ मध्ये धोक्याची वाक्यं असतात. तिथे 'एच ३६०' दिसलं तर पदार्थ प्रजननाला किंवा गर्भाला हानी करू शकतो. मागे मोठा 'डी' असेल तर रोख पोटातल्या बाळावर, 'एफ' असेल तर प्रजननक्षमतेवर. 'एच ३६१' म्हणजे तसा संशय आहे. 'एच ३६२' म्हणजे अंगावर पिणाऱ्या बाळाला धोका. पहिल्या दोहोंसोबत माणसाच्या छातीवर चांदणी फुटल्यासारखं चित्र असतं. मग भाग ३ मध्ये घटक आणि त्यांची टक्केवारी पाहा, आणि भाग ८ मध्ये हातमोजे व श्वसनसाधन कुठलं ते.

यात दोन खाचखळगे आहेत. युरोपच्या नियमात मिश्रणात असा घटक ०.३ टक्के किंवा जास्त असेल तरच मिश्रणाला एच ३६० लागतो, म्हणून भाग ३ वाचणं सोडू नका. दुसरं, भाग ८ मधली हवेतली आठ तासांची मर्यादा प्रौढ कामगार डोळ्यांपुढे ठेवून ठरवलेली असते. पुष्कळदा तिच्यात गर्भाचा हिशेब धरलेला नसतो. भरीला गरोदरपणात बाई मिनिटाला ३० ते ५० टक्के जास्त हवा आत घेते. त्याच खोलीत, त्याच आठ तासांत तिची मात्रा शेजारच्या कामगारापेक्षा जास्त होते.

मृद्गंध

मास्क लावला आणि खिडक्या उघड्या ठेवल्या तर भागेल का?

भट्टीवाला

@मृद्गंध, कापडी मास्क किंवा एन-९५ ने वाफ अडत नाही. एन-९५ धुळीचे कण अडवतो. थिनरमधल्या टोल्युइनसारख्या द्रवाची वाफ म्हणजे सुटे रेणू, ते त्यातून आरपार जातात. त्यासाठी सक्रिय कोळशाचं सेंद्रिय वाफेचं कार्ट्रिज लागतं. तेही ठरावीक तासांनी भरतं आणि त्यानंतर काहीच अडवत नाही. वास आला की बदलू म्हणाल तर काही पदार्थांचा वास धोक्याची पातळी ओलांडल्यावरच येतो.

खिडकीचंही तसंच. सॉल्व्हंटच्या, म्हणजे थिनरसारख्या विरघळवणाऱ्या द्रवांच्या, बहुतेक वाफा हवेपेक्षा जड, त्या जमिनीलगत साचतात. वरचा झरोका उघडून खाली बसून काम केलं तर नाक बरोबर त्या थरात.

कातडीची वाट तर सगळेच विसरतात. रंग काढायच्या द्रवातलं एन-मिथाइलपायरोलिडोन आणि काही ग्लायकॉल ईथर अखंड कातडीतूनही आत जातात. नेहमीचे निळे नायट्रिल मोजे एन-मिथाइलपायरोलिडोनपुढे लवकर हार मानतात, त्याला ब्यूटिल रबरचे मोजे लागतात. पातळ मोज्यात भिजलेला हात उघड्या हातापेक्षा वाईट, कारण द्रव कातडीला धरून बसतो आणि उडून जात नाही.

आणखी एक. रंग काढायच्या काही द्रवांत डायक्लोरोमिथेन असतं. शरीरात यकृत त्याचं कार्बन मोनॉक्साइड करतं. म्हणजे घरात धूर नाही, शेगडी नाही, तरी रक्तात कार्बन मोनॉक्साइड.

अक्षांश

भट्टीवाल्यांनी कार्बन मोनॉक्साइड काढलाच आहे तर तो पूर्ण करतो. माझ्या मते घरातल्या धोक्यांत याच्याकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं.

स्रोत ठरलेले: बंद न्हाणीघरातला गॅस गिझर, बंद खोलीतली कोळशाची शेगडी, दाराजवळ लावलेलं जनरेटर, बंद गॅरेजमधली चालू गाडी. लक्षणं म्हणजे डोकेदुखी, मळमळ, गरगरणं. ती गरोदरपणाच्या माथी मारून मोकळं होणं फार सोपं. ओळखायची खूण अशी: घरातल्या एकापेक्षा जास्त माणसांचं डोकं एकाच वेळी दुखतंय, आणि बाहेर मोकळ्या हवेत गेलं की उतरतंय.

बाळाच्या रक्तात हा वायू हळू चढतो, पण शेवटी पातळी आईपेक्षा साधारण १० ते १५ टक्के वर जाते, आणि उतरतोही हळू. त्यामुळे आईचं डोकं उतरलं, तिचा रक्ताचा अहवाल ठीक आला, म्हणून बाळ सुटलं असं होत नाही. ऑक्सिजन आईला लागेल त्याहून बराच जास्त वेळ चालू ठेवावा लागतो, आणि उच्च दाबाच्या ऑक्सिजनचा विचारही नेहमीपेक्षा कमी पातळीवर केला जातो.

बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर इथे विसंबू नका. त्याला ऑक्सिजन धरलेलं आणि कार्बन मोनॉक्साइड धरलेलं हिमोग्लोबिन वेगळं ओळखता येत नाही. तो ९८ दाखवत राहतो. रुग्णालयात "कार्बॉक्सिहिमोग्लोबिन मोजा" असं स्पष्ट सांगावं लागतं.

तिसरा_डोळा

सगळं वाचलं. माहिती उत्तम, पण मला एवढा बाऊ पटत नाही. कारखान्यांत, शेतांत, दवाखान्यांत असंख्य बायका ही कामं करतात आणि त्यांची मुलं धडधाकट जन्मतात. भीतीचाही परिणाम होतोच की बाईवर.

रानजाई

@तिसरा_डोळा, भीतीबद्दल सहमत, धागा त्यासाठीच काढलाय. पण "मुलं धडधाकट जन्मतात" हा पुरावा तपासून बघा.

कुठलाही विशेष संपर्क नसताना १०० पैकी साधारण ३ बाळांत मोठं जन्मजात व्यंग असतं. फिट्सवरच्या ओळखीच्या औषधांत व्हॅल्प्रोएट सर्वांत घातक, त्यात हे प्रमाण १०० त साधारण १० होतं. म्हणजे इतकं घातक औषध घेऊनही ९० बाळं मोठ्या व्यंगाशिवाय जन्मतात. एखाद्या वस्तीतली दहा-वीस उदाहरणं पाहून हा फरक कुणाच्याही डोळ्यांना दिसणार नाही. तो दिसायला हजारो नोंदी लागतात.

शिवाय व्यंग न दिसणं म्हणजे इजा न होणं नव्हे. त्याच व्हॅल्प्रोएटमध्ये ३० ते ४० टक्के मुलांत पुढे बोलणं, चालणं, शिकणं यांत अडचणी दिसतात. अवयव घडायचा काळ आठ-दहा आठवड्यांत आटोपतो, मेंदू मात्र नऊही महिने घडत असतो. दारूचं तसंच. ती वारेतून अडथळ्याविना जाते आणि बाळाच्या रक्तात आईइतकीच होते. चेहऱ्याची ठेवण, खुंटलेली वाढ आणि मेंदूची इजा यांचा एकत्रित विकार १९७३ मध्ये नाव देऊन नोंदला गेला, पण चेहरा अगदी नेहमीसारखा असलेली आणि फक्त मेंदूला इजा झालेली मुलं त्याहून पुष्कळ. सुरक्षित म्हणावी अशी मात्रा सापडलेली नाही. म्हणून तिथे "थोडी चालते" असं मी कधीच म्हणणार नाही.

पिंपळपान

मग दिवस राहिल्याचं कळताच चालू औषधं बंद करायची का?

दीपमाळ

@पिंपळपान, मनाने मुळीच बंद करू नका! फिट्सचं औषध एकाएकी थांबवलं तर झटका येऊन आई आणि बाळ दोघंही दगावू शकतात. औषध बदलायचं ते डॉक्टरांच्या हातून, आणि शक्य तर दिवस राहायच्या आधी.

रक्तदाबाच्या गोळ्यांत नावाचा शेवट बघा. '-प्रिल' आणि '-सार्टन' या दोन्ही घराण्यांतली औषधं दुसऱ्या-तिसऱ्या तिमाहीत बाळाच्या मूत्रपिंडावर आघात करतात. गर्भजल म्हणजे बहुतांशी बाळाची लघवीच. ती बंद झाली की पाणी कमी होतं, आणि पाणी कमी झालं की फुप्फुसं नीट वाढत नाहीत. त्याऐवजी लॅबेटॅलॉल, मिथाइलडोपा, निफेडिपिन असे पर्याय आहेत. आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामकांमुळेही २० आठवड्यांनंतर पाणी कमी होऊ शकतं, आणि शेवटच्या तिमाहीत बाळाच्या हृदयाजवळची, जन्मानंतरच मिटायला हवी ती रक्तवाहिनी आधीच मिटू शकते. डॉक्टरांनी मुद्दाम दिलेली कमी मात्रेची अ‍ॅस्पिरिन यात धरू नका, ती परस्पर बंद करू नका.

ताप अंगावर काढणंही चूक. सुरुवातीच्या आठवड्यांत ३९ अंशांच्या वरचा ताप मज्जारज्जूच्या दोषांशी जोडला गेलाय. ताप उतरवायला पॅरासिटामॉल योग्य मात्रेत घेतलेलं बरं.

कोरा_कागद

एक्स-रेचं काय? दिवस गेल्याचं कळायच्या आधी काढला गेला, अशा घाबरलेल्या बायका फार.

अक्षांश

शरीरात शोषलेले किरण मिलिग्रे या एककात मोजतात. छातीच्या एक्स-रेत बाळापर्यंत पोचते ०.०१ मिलिग्रेहून कमी मात्रा. व्यंगाचा धोका वाढल्याचं ५० मिलिग्रेच्या खाली दिसलेलं नाही. पोटाच्या एका सीटी स्कॅनमध्येही बाळाची मात्रा सहसा ३५ च्या आत राहते. मेंदूच्या दृष्टीने नाजूक काळ गर्भधारणेनंतरचे ८ ते १५ आठवडे. हिरोशिमा-नागासाकीच्या नोंदींतून ते कळलं, पण त्या मात्रा फार मोठ्या होत्या. एका छातीच्या किंवा दाताच्या एक्स-रेसाठी गर्भ पाडायचा विचार कुणी करत असेल तर तिला थांबवा, आणि रेडिओलॉजी विभागाकडून मात्रेचा आकडा लिहून घ्या.

किरणोत्सारी आयोडीनने थायरॉइडचा उपचार ही मात्र निराळी गोष्ट. बाळाची थायरॉइड ग्रंथी १० ते १२ आठवड्यांच्या सुमारास आयोडीन ओढायला लागते आणि त्या उपचाराने ती नष्ट होऊ शकते. तो गरोदरपणात देतच नाहीत.

मृद्गंध

पहिल्या पोस्टमधल्या पोपड्यांकडे परत येते. जुन्या घराचं रंगकाम काढायचं आहे आणि घरात गरोदर बाई आहे. नेमकं काय करायचं?

भट्टीवाला

@मृद्गंध, आधी रंगाचा तुकडा प्रयोगशाळेत द्या. तुकडा वरच्या थराचा नको, पात्याने पार भिंतीपर्यंत कापून सगळे थर येऊ द्या. शिसं बहुधा तळाच्या जुन्या थरांत असतं. दारं-खिडक्यांच्या चौकटींचा तुकडा वेगळा घ्या, कारण तेलरंगात शिसं जास्त सापडतं.

शिसं निघालं तर काम सुरू व्हायच्या आधी बाईने आणि लहान मुलांनी घर सोडायचं, आणि शेवटची सफाई झाल्यावरच परत यायचं. "दुसऱ्या खोलीत बसते" याला अर्थ नाही, धूळ दाराखालून जाते. खोलीतलं सामान, अंथरूण-पांघरूण बाहेर. जे हलत नाही ते प्लॅस्टिकने झाकून कडा चिकटपट्टीने बंद. दाराला प्लॅस्टिकचे दोन पडदे.

खरवडायचं ते पाणी फवारून, ओलं असतानाच. कोरडा पॉलिश पेपर किंवा ग्राइंडर नको, त्याने डोळ्यांना दिसणार नाही इतकी बारीक धूळ होते आणि फुप्फुसात तीच खोलवर जाते. ज्योत लावून किंवा हीट गन फार तापवून रंग सोडवू नये. साधारण ६०० अंशांच्या पुढे शिशाचा धूर व्हायला लागतो. रंग घट्ट बसलेला असेल, पोपडे सुटत नसतील, तर खरवडूच नका. त्यावरून नवा हात मारणं अधिक सुरक्षित.

सफाईत बहुतेक ठिकाणी माती खातात. झाडू बंद. अगदी बारीक धूळही अडवणाऱ्या हेपा फिल्टरचा व्हॅक्यूम, मग साबणाच्या पाण्याने पुसणं, मग स्वच्छ पाण्याने पुन्हा पुसणं. दोन बादल्या ठेवा, एक साबणाची आणि एक फडकं खळबळायची, नाहीतर तीच धूळ पुन्हा फरशीवर पसरते. खिडकीची चौकट आणि सरकत्या तावदानांचा खाचा हमखास राहून जातो. रोजच्या उघडझापीत रंग घासून शिसं तिथेच साचत राहतं. रंगाऱ्यांनी कपडे आणि चपला तिथेच बदलायच्या. ते कपडे झटकायचे नाहीत, घरच्या कपड्यांत धुवायचे नाहीत. बॅटरीचं, डाग द्यायचं किंवा कीटकनाशक फवारायचं काम करून घरी येणाऱ्यालाही हेच लागू.

शतपावली

बापाचंही लिहा कुणीतरी. शुक्राणू तयार व्हायला सुमारे ७४ दिवस लागतात, आणि शिशाने त्यांची संख्या व प्रत घटते. दिवस राहायच्या निदान तीन महिने आधी त्यानेही जपायला हवं.

दीपमाळ

@शतपावली, +१.

शिशाच्या तपासणीचं सांगते. रक्त शिरेतून काढलेलं हवं. बोट टोचून काढलं तर कातडीवरच्या धुळीने आकडा उगाच वाढतो. गरोदर बाईत डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅम किंवा वर आला तर स्रोत शोधून तोडायचा. शरीरातून शिसं ओढून काढायची औषधं सहसा ४५ च्या पुढे, तीही तज्ज्ञांच्या सल्ल्याने.

सगळा संपर्क आता बंद असला तरी एक स्रोत उरतोच, आईची स्वतःची हाडं. प्रौढाच्या अंगातलं नव्वद टक्क्यांहून अधिक शिसं हाडांत असतं. बाळाला कॅल्शियम पुरवायला हाडं झिजतात तेव्हा कॅल्शियमबरोबर शिसंही सुटतं. आहारातून आणि गोळ्यांतून पुरेसं कॅल्शियम मिळालं की ही झीज कमी होते. लोह कमी असेल तर आतडं शिसं जास्त शोषतं, म्हणून पंडुरोगावर लगेच उपचार. उपाशीपोटी जास्त शोषलं जातं, म्हणून फार वेळ उपाशी राहू नये.

आणि पाण्यात शिसं, आर्सेनिक किंवा नायट्रेट असेल तर उकळून उपयोग नाही. पाणी आटतं, विष तेवढंच राहतं, म्हणजे प्रमाण वाढतंच. उकळण्याने जंतू मरतात, धातू नाही.

तिसरा_डोळा

@रानजाई, वस्तीतल्या उदाहरणांवरून ठरवता येत नाही हे पटलं. एकच विचारतो. संपर्क होऊन गेलाय, आता काय? डॉक्टरांपुढे बसून बाई नेमकं काय सांगणार? "काहीतरी वास होता" एवढ्यावर तेही काही करू शकत नाहीत.

रानजाई

@तिसरा_डोळा, सगळ्यांत कामाचा प्रश्न. जाण्याआधी एका कागदावर लिहून काढायचं. शेवटच्या पाळीची तारीख आणि सोनोग्राफी झाली असेल तर तिची तारीख. पदार्थाचं डब्यावरचं पूर्ण नाव. डब्याचा फोटो, मागच्या बाजूसकट. डेटा शीट मिळाली तर तिचा भाग २ आणि ३. संपर्काच्या तारखा, रोज किती तास. खोली किती मोठी, हवा कुठून येते. हाताला लागलं का, मोजे कसले होते. तेव्हा डोकं दुखलं, गुंगी आली असं काही झालं का, आणि सोबतच्या कुणाला झालं का. शेवटी चालू औषधं, मात्रेसकट.

यावरून डॉक्टर ठरवतात की रक्तात मोजता येणारं काही आहे का. शिसं, पारा, कार्बन मोनॉक्साइड मोजता येतात. सॉल्व्हंट काही तासांत निघून जातात, तिथे आठवड्याभराने तपासणी करून हाती काही लागत नाही. तिथे हा कागदच पुरावा, आणि १८ ते २० आठवड्यांची अवयवांची सोनोग्राफी नीट बघून करून घेणं हा पुढचा टप्पा. साध्या सोनोग्राफीत मेंदूची सूक्ष्म इजा दिसत नाही, त्यामुळे ती चांगली आली म्हणून संपर्क पुढे चालू ठेवू नये.

पिंपळपान

शेवटची शंका. आईच्या रक्तात शिसं निघालं तर बाळाला अंगावर पाजायचं की नाही?

दीपमाळ

@पिंपळपान, बहुतेक वेळा पाजायचंच. दुधात उतरणारं शिसं रक्ताच्या मानाने फार कमी असतं. आईचा आकडा ४० च्या खाली असेल तर पाजत राहावं. ५ किंवा वर असेल तर बाळाचंही रक्त तपासून लक्ष ठेवावं. बाळाचा आकडा चढत असेल आणि दुसरा स्रोत सापडत नसेल तर डॉक्टरांशी बोलून ठरवावं. ४० किंवा वर असेल तर आकडा उतरेपर्यंत दूध पिळून टाकायचं, म्हणजे पान्हा टिकतो आणि नंतर पुन्हा सुरू करता येतं. मधल्या काळात पावडरचं दूध द्याल तेव्हा ते ज्या पाण्यात कालवणार ते आधी तपासून घ्या. शिसं नळाच्या जुन्या पाइपातून येत असेल तर वरच्या दुधातून बाळाला ते आईच्या दुधापेक्षा जास्त जाईल.